सिगारेटवर उतारा मागणाऱ्या गिऱ्हाइकास

रा. रा. भाऊसाहेब,
मु. पो. वांगणी, ता. अंबरनाथ, जि. ठाणे यांसी



एरवी तुम्ही दुकानाच्या पायरीवर आलात की मी "काय रे, काय देऊ?" असं विचारते. आज अहो-जाहो करतेय, कारण पत्र उघडं आहे आणि चारचौघांत तुमचा मान राखायला हवा. नाव मात्र लिहीत नाही. गरजही नाही. हे पत्र वांगणी स्टेशनबाहेर कुणी मोठ्यानं वाचलं, तर रिक्षावाल्यांपासून भाजीवाल्यांपर्यंत कितीतरी मंडळी हातातलं थोटूक हळूच पायाखाली घेतील आणि ‘काकूंनी हे माझ्यावरच लिहिलंय’ म्हणून चार दिवस तोंड फिरवून जातील. तेवढी गिऱ्हाइकं तुटली तरी चालेल.

आधी आभार मानते. मी इथं लाकडी घाणा टाकला तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. म्हणाले, काकू, मुंबईतलं भाडं परवडेना म्हणून लोक कर्जत लोकलला लोंबकळत इथवर राहायला आलेत. पामतेलाची पिशवी घेतानासुद्धा दोन रुपये कमी करा म्हणतात. घाण्याचं तेल घेणार कोण? मलाही तीच धास्ती होती. पण त्या हिशेबात तुम्ही नव्हता. समोरच्या टपरीवर तुम्ही सुटी सिगारेट घेता, दोरीला बांधलेल्या लायटरशी मान वाकडी करून पेटवता, ओढून झाली की रस्ता ओलांडून माझ्याकडे येता आणि छातीत उरलेला धूर माझ्या तिळाच्या डब्यावर सोडत विचारता, "काकू, ते काउंट वाढवायचं तेल आलं का?" टपरीवाल्याचं आणि माझं गिऱ्हाईक एकच. त्यानं बिघडवायचं, मी दुरुस्त केल्यासारखं करायचं, दोघांच्याही घरची चूल पेटती राहणार. धंद्यात अशी जोडी जमायला नशीब लागतं.

सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली आहे, हे जाता जाता. ते टपरीवाल्याला ठाऊक आहे, तुम्हाला आहे, मलाही आहे. आपण तिघंही कायद्याला मानणारी माणसं, म्हणून तुम्ही एका वेळी एकच घेता.

तर तुमची ती यादी. जवस, कलौंजी, तीळ, भोपळ्याच्या बिया, करडई. रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे तेल घेतलं की सिगारेटचं विष म्हणे पुरुषाच्या बीजापर्यंत पोचतच नाही. मोबाईल माझ्या नाकासमोर धरून तुम्ही ती मला वाचायला लावलीत. वाचली. सगळं खोटं नाही, हीच पंचाईत आहे. सगळं खोटं असतं तर एका वाक्यात तुम्हाला वाटेला लावलं असतं, एवढं पत्र खरडावं लागलं नसतं.

घाण्यावर बसायच्या आधी माझी उमेदीची सगळी वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत एका लॅबमध्ये गेली. काम तेलं तपासायचं. तेल खवट झालंय का, हे तुमची मातोश्री नाकानं ओळखते. आम्ही ते बाटलीत ओळखायचो. तेलाचा नमुना क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवायचा, त्यात पोटॅशियम आयोडाइड घालायचं, थोडा वेळ अंधारात ठेवायचं. तेलात पेरॉक्साइड झालेलं असेल तर ते आयोडिन मोकळं करतं, द्रावण पिवळसर तपकिरी होतं. स्टार्चचे थेंब टाकले की सगळं एकदम निळंशार. मग वरून ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंब थेंब सोडत बसायचं, निळा रंग पार उडून जाईपर्यंत. जितकं थायोसल्फेट जास्त लागेल, तितकं तेल जास्त बिघडलेलं. घाण्यावरच्या, न शुद्ध केलेल्या तेलाला आंतरराष्ट्रीय मापात किलोमागे १५ पर्यंत मुभा आहे, रिफाइंडला १०. याला पेरॉक्साइड व्हॅल्यू म्हणतात. हे सांगायचं कारण, भाऊसाहेब, तुमच्यात जे बिघडतंय ते याच जातीचं आहे.

शुक्रजंतूच्या अंगावरचं आवरण स्निग्धाचं असतं, आणि साधंसुधं नव्हे, अगदी पातळ, लवचिक, बहुअसंतृप्त स्निग्धाचं. लवचिक हवंच, नाहीतर शेपूट वळवळणार कशी आणि स्त्रीबीजाशी एकजीव होणार कसं? पण स्निग्ध जितकं असंतृप्त तितकं ते ऑक्सिजनच्या तावडीत लवकर सापडतं. जवसाचं तेल शेंगदाण्याच्या तेलाआधी खवट होतं ते याच कारणानं. त्यातून हा जीव मुलखाचा सडाफटिंग. शरीरातल्या इतर पेशींकडे दुरुस्तीचं सामान पोटात भरलेलं असतं, शुक्रजंतूनं धावता यावं म्हणून ते जवळपास सगळं टाकून दिलेलं असतं. हल्ला झाला तर अंगावर घ्यायचा, एवढंच त्याच्या हाती. ऑक्सिजन आणि त्यातून तयार होणारं हायड्रोजन पेरॉक्साइड माणसाच्या शुक्रजंतूंना थंड पाडतं, हे जॉन मॅक्लाउड या अमेरिकन संशोधकानं १९४३ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा तुमचे आजोबासुद्धा विडीला लागले नसतील.

सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात. त्यात निकोटिन आहे, कॅडमियम आहे, शिसं आहे, आणि एकेका झुरक्यात फ्री रॅडिकल्सची अख्खी वरात आहे. ती फुप्फुसातून रक्तात, रक्तातून वृषणापर्यंत जाते. तिथं आवरण खवट होतं, शेपटी मंदावते आणि आतला डीएनए तुटतो. २०१६ मध्ये ‘युरोपियन युरॉलॉजी’त २० अभ्यास एकत्र करून ५,८६५ पुरुषांचा हिशेब मांडला गेला. सिगारेट ओढणाऱ्यांची संख्याही कमी भरली, हालचालही कमी भरली. जो जास्त ओढतो त्याचं नुकसान जास्त.

आता तुम्ही म्हणणार (तुम्ही म्हणालाच होता, पायरीवर उभं राहून, बोटानं दाखवून) की टपरीवाला दिवसाला दोन पाकिटं संपवतो आणि त्याला तीन पोरं आहेत. आहेत ना. गोड पोरं आहेत, मी त्यांना तिळाच्या वड्या देते. सिगारेट ओढणाऱ्या प्रत्येकाचं दुकान बंद पडतं असं कुणीच म्हटलेलं नाही. ज्याच्याकडे मुबलक आहे त्याचं थोडं गेलं तरी भागतं. ज्याचं आधीच काठावर आहे त्याचं तेवढ्यानंच बुडतं. तुम्ही काठावर आहात की मुबलक, हे तुम्हाला कुठं माहीत आहे? तो भाग पुढे येतो.

तेलाकडे वळते, कारण ते माझं पोट आहे.

तुमच्या यादीतला बराचसा पुरावा उंदरांचा आहे. उंदराला निकोटिन टोचायचं किंवा धुरात ठेवायचं, मग काहींना बियांचं तेल पाजायचं, शेवटी सगळ्यांना कापून वृषणं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. तेल पाजलेल्यांचं नुकसान कमी दिसतं, असे निष्कर्ष खरंच निघालेत, कलौंजीचे तर जास्तच. मी नाकारत नाही. पण त्या उंदराला सिगारेट सोडायची सोय नव्हती, भाऊसाहेब. त्याला पिंजऱ्यात कोंडून धूर दिला होता. तुम्ही स्वतः चालत रस्ता ओलांडून जाता.

माणसांवरचंही आहे. इराणमध्ये २०१४ साली ६८ पुरुषांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वीर्याच्या तपासणीत दोष निघालेले पुरुष. निम्म्यांना रोज ५ मिली कलौंजीचं तेल, निम्म्यांना दुसरंच काहीतरी, दोन महिने. कलौंजीवाल्यांची संख्या आणि हालचाल सुधारली. चांगली गोष्ट आहे. पण तो प्रयोग सिगारेटवरचा उतारा म्हणून केलेला नव्हता, आणि ६८ माणसांच्या प्रयोगावर मी माझ्या दुकानाची पाटी बदलत नाही, तुम्ही संसार कसला टांगता? त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेत ११७ तरुणांमधल्या निम्म्यांना १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खायला दिले (अक्रोड हेही बीच), त्यांचेही शुक्रजंतू सुधारले. पैसा अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचा होता, हे सांगितलेलं बरं. रोज ७५ ग्रॅम अक्रोडाचा भाव मी तुम्हाला सांगत नाही, नाहीतर त्या धक्क्यानं आणखी एक पेटवाल.

खास सिगारेट ओढणाऱ्यांवर केलेलाही एक प्रयोग आहे, टेक्सासचा, १९९२ चा. ७५ जण, तीन गटांत वाटून, काहींना क जीवनसत्त्व, काहींना नुसतीच गोळी. क जीवनसत्त्ववाल्यांचे शुक्रजंतू सुधारले. तुमच्या बाजूचा याहून बरा पुरावा मला सापडला नाही, म्हणून तुमच्या वतीनं मीच मांडला. आता दुसरी बाजू. काउंट वाढणं वेगळं आणि पाळणा हलणं वेगळं. अमेरिकेत २,३७० जोडप्यांमधल्या पुरुषांना सहा महिने फॉलिक ॲसिड आणि जस्ताच्या गोळ्या देऊन पाहिल्या, २०२० मध्ये निकाल आला. गोळ्या घेतलेल्यांच्या घरी ३४ टक्के बाळं, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांच्या घरी ३५ टक्के. वर गोळ्यावाल्यांच्या शुक्रजंतूंचा डीएनए किंचित जास्तच तुटलेला निघाला. एवढा मोठा, एवढा नीट केलेला प्रयोग या विषयात फार थोड्यांनी केलाय, म्हणून त्याचं ऐकते.

आणि उतारा उलटतो तेव्हा कसा उलटतो, ते फिनलंडला विचारा. तिथं २९,१३३ पुरुषांना, सगळे सिगारेट ओढणारे, बीटा कॅरोटिन आणि ई जीवनसत्त्व वाटून दिलं होतं. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल ही आशा. १९९४ मध्ये आकडे आले तेव्हा बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला. गाजरातलं तत्त्व, दिसायला किती साळसूद! ते तेलाचं नव्हतं आणि वंध्यत्वाचंही नव्हतं, मान्य. पण धूर चालू ठेवून वरून काहीतरी गुणकारी ओतलं की हिशेब बरोबर सुटतो, या तुमच्या लाडक्या गणिताचा निकाल तिथं लागला.

एक राहिलंच. सगळ्या बिया एका माळेचे मणी असतात असं तुम्हाला वाटतं ना? आपल्या वऱ्हाडात ढिगानं असलेली सरकी घ्या. चीनमध्ये गेल्या शतकात काही गावांत पाळणेच हलेनात. शोध घेता घेता बोट टेकलं ते घरच्या घरी काढलेल्या कच्च्या सरकीच्या तेलावर. त्यातला गॉसिपॉल नावाचा पिवळा पदार्थ पुरुषाची शुक्रजंतू तयार करायची यंत्रणाच बंद पाडतो. मग चिनी लोकांनी, १९७० च्या दशकात, त्याचीच पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करायचा घाट घातला, आठ हजारांवर पुरुषांना देऊनही पाहिली. रक्तातलं पोटॅशियम घसरायला लागलं आणि काहींचं दुकान गोळी थांबवल्यावरही परत उघडेना, तेव्हा नाद सोडला. बाजारातल्या रिफाइंड सरकी तेलातून गॉसिपॉल काढलेला असतो, घाबरू नका. पण कुणी प्रेमानं ‘सरकीचं कच्चं तेल, एकदम नैसर्गिक’ म्हणून दिलं तर नैसर्गिक या शब्दाला भुलू नका.

आता तुमच्या घरातल्या बाटलीबद्दल. गेल्या पावसाळ्याआधी माझ्याकडून नेलेलं जवसाचं तेल स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारच्या उन्हात, अर्धं झाकण उघडं टाकून उभं आहे. मी मोदकाचा डबा द्यायला आले होते तेव्हा पाहिलं. झाकण काढून वास घेतला आणि माझे लॅबचे दिवस आठवले. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं. ऊन, हवा, उष्णता, तिन्ही त्याचे वैरी. ते काळ्या बाटलीत, फ्रीजमध्ये, महिन्या-दीड महिन्यात संपवायचं, त्यात फोडणी करायची नाही, हे मी प्रत्येकाला सांगते. तुम्हालाही सांगितलं होतं, पण तुमचं लक्ष टपरीवर कोण आलंय तिकडे होतं. म्हणजे आत सिगारेट आवरण खवट करतेय आणि वरून तुम्ही खवट तेलाचाच उतारा घेताय. पेरॉक्साइडवर पेरॉक्साइडचा लेप. या इलाजाचं पेटंट घ्या, भाऊसाहेब.

तुमच्या सौभाग्यवतीबद्दल लिहावं की नाही, याचा खूप विचार केला. लिहिते.

तुमच्या लग्नाला किती वर्षं झाली हे अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे, कारण दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या मातोश्री तो आकडा जाहीर करतात आणि मग माझ्याकडे बघून सुस्कारा टाकतात. गेल्या वर्षात तुमच्या बायकोची थायरॉइडची तपासणी झाली, साखरेची झाली, अंडं फुटलं का बघायला एकाआड एक दिवस सोनोग्राफ्या झाल्या. मग नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायला नळ्यांचा एक्स-रे. गर्भाशयात औषध सोडून तो काढतात. काहींना थोडं दुखतं, काहींना जीव जातो. ती कल्याणहून लोकलनं एकटी आली, तुमची शिफ्ट होती म्हणे. स्टेशनवरून घरी जाण्याआधी माझ्या दुकानात टेकली, पोटावर पर्स दाबून धरलेली. पाणी प्यायली. रिपोर्ट नॉर्मल होता. मी म्हटलं, चला, सुटलीस. ती म्हणाली, "काकू, ते तेल मी घेतलं तर चालेल का? त्यांच्याऐवजी?" आणि अर्धा लिटर शेंगदाणा तेल घेऊन, पैसे मोजून देऊन, निघून गेली. उधारी तुमच्या नावावर असते, तिच्या नाही.

त्यांच्याऐवजी! मी तेल विकणारी बाई, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाचाही काही ना काही वाटा असतो. म्हणूनच पहिली तपासणी तुमची व्हायला हवी होती. सुई नाही, एक्स-रे नाही, पोटात कळ नाही. खर्च तुमच्या आठवड्याभराच्या धुरापेक्षा फार जास्त नाही. दोन ते सात दिवस संयम ठेवायचा, लॅबनं दिलेल्या डबीत नमुना द्यायचा, संपलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकाप्रमाणे एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, त्यातले ४२ टक्के हलणारे आणि ४ टक्के बरोबर घडणीचे असले तर किमान पातळी गाठली असं समजतात. एका रिपोर्टवर कुणी कपाळाला हात लावत नाही, दुसऱ्यांदा बघतात. कधी व्हेरिकोसील निघतो, म्हणजे वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या. त्यावर शस्त्रक्रिया आहे, तेल नाही. कधी संसर्ग निघतो. कधी काहीच निघत नाही. काय निघेल ते चमचा नाही सांगणार, डबी सांगेल.

तुम्ही दिलेलं कारण मात्र मी जपून ठेवलंय. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवावा लागतो आणि "काकू, कर्जत लोकलचा काय भरवसा?" अहो, वांगणीपुढचं स्टेशन बदलापूर! मध्ये एकही थांबा नाही. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावं लागलं होतं, हे मला आठवतं. पण ती २७ जुलै २०१९ ची गोष्ट आहे, रोजची नव्हे. तितकीच भीती वाटत असेल तर नमुना लॅबमध्येच देता येतो, तिथं खोली असते. लाज वाटते म्हणता? तुमच्या बायकोची लाज कुठल्या स्टेशनवर उतरवून ठेवली होती?

आपल्या वांगणीचं नाव देशभर झालं ते १७ एप्रिल २०२१ ला. अंध आईच्या हातून सुटून लेकरू फलाटावरून रुळात पडलं, गाडी समोरून येत होती आणि पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेनं धावत गेले, लेकराला वर ढकललं, मग स्वतः चढले. व्हिडिओ तुम्हीच मला दाखवला होता, दोनदा, अभिमानानं. दुसऱ्याच्या मुलासाठी ज्या गावच्या स्टेशनात माणूस गाडीसमोर धावला, त्या गावचे तुम्ही. तुम्हाला स्वतःच्या मुलासाठी एक डबी घेऊन गाडीत नुसतं बसायचं आहे.

गाडीवरून आठवलं. दाराशी उभं राहून ओढता, तो रेल्वे कायद्याच्या कलम १६७ खाली गुन्हा आहे, दंड शंभर रुपयांपर्यंत. सरकारनंही तुमच्या फुप्फुसाची किंमत माफकच ठेवलीय. आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा १९५४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत बायकांचं वंध्यत्व आहे, नपुंसकत्व आहे, पण पुरुषाचं वंध्यत्व नाही. तेव्हाच्या कायदेकर्त्यांनाही बिचाऱ्यांना सुचलं नसेल की असंही असू शकतं. तुमच्या मातोश्रींना आजही सुचत नाही. मूळगावच्या खंडोबाच्या टेकडीवर सुनेला अनवाणी पाठवतात, मुलाला नाही.

मध्यंतरी तुम्ही सिगारेट सोडल्याची बातमी कानावर आली. मी मनातल्या मनात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकानात आलात ते डाव्या तळहातावर चुना-तंबाखू मळत. धूर नाही, म्हणजे निर्मळ! आपल्या महाराष्ट्रात हा समज फार खोल आहे. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात इथं सिगारेट-विडी ओढणारे ३.८ टक्के होते, तर तंबाखू, मशेरी, गुटखा तोंडात धरणारे २४.४ टक्के. निकोटिनला रस्ता फुप्फुसाचा असो की गालफडाचा, ते रक्तातच जातं. तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांच्या वीर्यतपासणीचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, ६३८ जणांचा. चघळणं जसजसं वाढत गेलं तसतसे आकडे उतरत गेले. तेव्हा तुमची बढती झाली नाही, फक्त बदली झाली.

तेल खाऊच नका असं मी म्हणत नाही. खा की! जेवणात खा, जवसाची चटणी करा, कारळ्याची करा, तिळकूट भाकरीवर घ्या, भोपळ्याच्या बिया फेकू नका, भाजून खा. डोंगरपट्ट्यातले आपले ठाकर-कातकरी खुरासणी आणि मोहाच्या बियांचं तेल पिढ्यान्‌पिढ्या खात आले, कुणी त्याला उतारा म्हटलं नाही. ते जेवण आहे. चांगलं जेवण शुक्रजंतूला हवंच असतं. माझी हरकत त्या दोन चमच्यांना नाही, त्या दोन चमच्यांच्या जोरावर तुम्ही पुढची सिगारेट ज्या शांत मनानं पेटवता, त्याला आहे. तेलाआधी तुम्हाला निदान खंत वाटायची. आता तीही माझ्या घाण्यातून पिळून निघाली.

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, मग बाहेर पडण्याजोगा व्हायला आणखी आठ-पंधरा दिवस. धरा तीन महिने. आज जो आहे तो तीन महिन्यांपूर्वी तुम्ही काय ओढलंत, काय चघळलंत त्यावर घडलेला आहे. आज बंद केलंत तर तीन महिन्यांनी येणारा माल निदान धुरात घडलेला नसेल. जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. आणि डबीचं काम तीन महिने थांबवायचं नाही, ते या आठवड्यात.

तोवर कलौंजीचं तेल माझ्याकडे संपलंय. फळीवर चार बाटल्या दिसतील, त्या तुमच्यासाठी संपल्यात. भोपळ्याच्या बियांचंही तेच. शेंगदाणा, तीळ, करडई हवं तितकं न्या, स्वयंपाकाला. बदलापूरच्या लॅबची पावती दाखवलीत तर कलौंजीही देईन, आणि त्या दिवशी भाव थोडा कमी लावेन. रिपोर्ट दाखवायची गरज नाही, तो मला नको. तो घरी दाखवा, आणि मातोश्रींनाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
घाणेवाल्या काकू

ता. क. उधारीच्या वहीत तुमच्या नावावर जवसाच्या दोन बाटल्या बाकी आहेत. खिडकीतली परत आणून ‘काकू, ही खराब निघाली, दुसरी द्या’ म्हणू नका. उन्हात ठेवलेलं तेल मी परत घेत नाही.